खांद्याचा अभ्यास

जालन्याकडच्या टेंभुर्णीचा जुना विहार पाडला, त्या दिवशी विहार समितीनं सर्जेराव गुरुजींच्या दोन्ही बाजूंना दोन माणसं उभी केली होती. म्हातारा कोसळला तर धरायला. विहाराच्या आतल्या तिन्ही भिंतींवरची चित्रं गुरुजींची. लुंबिनीतल्या जन्मापासून कुशिनाऱ्यातल्या महापरिनिर्वाणापर्यंत नऊ प्रसंग. शाळेत चित्रकलेचे तास संपले की गुरुजी सायकल विहाराकडं वळवायचे आणि दिवस मावळेपर्यंत रंगवायचे, असं पाच वर्षं चाललं होतं. आता त्या जागी दोन मजली नवा विहार व्हायचा होता. जुन्याच्या छतातून पाणी उतरत होतं, भिंती फुगल्या होत्या, इलाजच नव्हता. पाडायच्या ठरावावर गुरुजींनी स्वतःच सही केली होती.

जेसीबीचा दात भिंतीवरच्या सुजाताच्या खिरीच्या वाटीत शिरला, तेव्हा बायकांमधून कुणीतरी हुंदका दिला. गुरुजी बघत राहिले. प्लास्टर भुगा होऊन पडत नव्हतं, पाटासारखं अख्खं सुटून येत होतं. 'अस्तर चांगलं धरलंय,' एवढंच त्यांच्या मनात आलं.

"गुरुजी, खुर्ची आणू का?" समितीचे अध्यक्ष तातेराव हळू आवाजात म्हणाले.

"कशाला? पाय दुखत न्हाईत माझे."

गाव म्हणालं, माणसाची छाती मोठी. गिरिजाबाईला जाऊन दीड महिना झाला न्हाई, त्यात हे असं डोळ्यांदेखत, आणि डोळ्यात टिपूस न्हाई.

छातीबितीचं काही नव्हतं, हे गुरुजींना ठाऊक होतं. दात काढायच्या आधी डॉक्टर गाल बधिर करतो आणि मग जीभ लावून बघितली तर तो गाल आपला वाटत नाही, तसं त्यांचं सगळं झालं होतं. डिसेंबरात जालन्याच्या दवाखान्यात चार दिवस काढून गिरिजाबाई गेल्या. त्यांच्या जलदानविधीला गुरुजींनी आलेल्या प्रत्येकाला हाक मारून जेवायला बसवलं, पत्रावळी कमी पडल्या तर स्वतः जाऊन आणल्या. दुसऱ्या दिवसापासून सकाळी उठायचं, दाढी करायची, पेपर वाचायचा. पेपरातलं सगळं कळायचं आणि घडी घातली की काहीच आठवायचं नाही.

मुलगा राजानंद जालन्याला पोलादाच्या कारखान्यात. रविवारी यायचा. सून प्रीती गावातच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची आणि घर बघायची. तिनं दोनतीनदा विचारलं, "बाबा, डॉक्टरला दाखवायचं का?" गुरुजी म्हणाले, "काय म्हणून दाखवू? काहीच होत न्हाई, असं सांगू?"

विहार पाडतानाचा कुणीतरी मोबाईलवर काढलेला व्हिडिओ फिरत फिरत पुण्याला एका कलासंस्थेत पोचला. देवळांच्या, दर्ग्यांच्या, विहारांच्या भिंती रंगवणाऱ्या चित्रकारांचे कागद ती संस्था जपून ठेवत असे. मार्च महिन्यात तिथून अर्पिता नावाची तिशीतली मुलगी आली. भिंत गेली ती गेली, तिला भिंतीच्या आधीचं पाहिजे होतं.

"सर, कच्ची कामं काही आहेत का? रेखाटनं, अभ्यास?"

"असतील," गुरुजी म्हणाले.

"असतील काय," प्रीती म्हणाली, "पलंगाखाली पेटी भरून आहेत."

लोखंडी पेटी ओढून बाहेर काढली. झाकण उघडलं तसा डांबरगोळ्यांचा वास घरभर झाला. वरती जुन्या प्रश्नपत्रिका होत्या, सहामाही आणि वार्षिक, आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर कोळशानं काढलेले हात, पावलं, माना. चांगला कागद जालन्याहून आणावा लागे, तो शेवटच्या रेखाटनासाठी राखून ठेवायचा. सरावाला शाळेतली रद्दी. कोळसाही घरचाच. कपाशीच्या पऱ्हाटीच्या बोटाएवढ्या काड्या डब्यात घालून डबा चुलीत लोटला की सकाळपर्यंत कोळसा तयार व्हायचा.

अर्पितानं पांढरे हातमोजे घातले, जमिनीवर चादर अंथरली, तिपाईवर कॅमेरा लावला. एकशे सदुसष्ट कागद निघाले. प्रत्येक कागदासाठी एक छापील तक्ता होता: क्रमांक, माप, साहित्य, कोणत्या चित्रासाठी, आणि समोर बसलेली व्यक्ती.

"सर, ही महामाया. शालवृक्षाची फांदी धरलेला हात. कोण बसलं होतं?"

"घरचीच."

"ही यशोधरा. पाठमोरी."

"घरचीच."

"आणि हा आनंद आहे ना? भिक्खू आनंद. ही मान..."

"ती पण घरचीच."

अर्पितानं मान वर केली. मग तिनं महामायेचं पाऊल, सुजाताचं पाऊल आणि तथागतांच्या पावलांचा अभ्यास असे तीन कागद शेजारी शेजारी मांडले. तिन्ही पावलांचं अंगठ्याशेजारचं बोट एकाच बाजूला वाकडं होतं.

"मुसळ पडलं होतं पायावर," गुरुजी म्हणाले. "लग्नाच्या आधी. बोट नीट जुळलंच नाही."

"म्हणजे सगळ्या चित्रांत..."

"दुसरं कोण बसणार होतं?"

आणि ते खरंच होतं. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी साल. अर्धी वस्ती उसाच्या तोडीला अंकुशनगरच्या साखर कारखान्याकडं गेलेली. जे पुरुष गावात उरले होते ते दहा मिनिटं बसून बिडीला उठायचे. दुसऱ्याच्या बायकोला समोर बसायला सांगायचं म्हणजे वैर घ्यायचं. म्हणून गिरिजाबाई बसल्या. राजानंद तेव्हा मांडीवर होता. त्याला मांडीवर निजवून, पुढ्यात सूप घेऊन त्या बसायच्या. "तुमचं होऊ द्या, माझी डाळ निवडून होती," म्हणायच्या. बुद्धाला मोहात पाडायला आलेल्या माराच्या मुलींसाठी जरा लाडात बघ म्हटलं, तर त्या अशा बघायच्या की गुरुजींना ते चेहरे शेवटी मनानंच काढावे लागले.

महापरिनिर्वाणाचं काही केल्या जमत नव्हतं. गुरुजी दोनदा अजिंठ्याला गेले, सव्विसाव्या लेण्यातल्या त्या लांबच लांब निजलेल्या मूर्तीसमोर वही घेऊन बसले. पण दगडातलं निजणं कागदावर आणलं की लाकूड व्हायचं. मग एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात गिरिजाबाईंना टायफाईड झाला. तीन आठवडे अंथरुणाला खिळून होत्या. गुरुजी औषध द्यायचे, पेज पाजायचे आणि त्या उजव्या कुशीवर वळल्या की कागद घेऊन बसायचे. एका दुपारी त्यांनी डोळे उघडून बघितलं.

"मी आजारी हाय का निर्वाणाला निघाले, ते एकदा ठरवा तुम्ही," त्या म्हणाल्या. "म्हंजे मंग औषध घ्यायचं का न्हाई ते मला ठरवता येईल."

हे सगळं गुरुजींनी अर्पिताला सांगितलं. ती हसली, प्रीतीही हसली. सांगताना गुरुजींचा आवाज फळ्यावरचं वाचून दाखवावं तसा सपाट होता. हसावं अशी ही गोष्ट आहे, हे त्यांना आठवत होतं.

अर्पिताला मात्र राहवेना. "सर, हे फार मोठं आहे. एकाच बाईच्या अंगावरून एका माणसानं अख्खं बुद्धचरित्र उभं केलं. आपण याचं वेगळं प्रदर्शन करू. त्यांच्या नावानं." संध्याकाळी प्रीतीनं ही गोष्ट कौतुकानं शेजारी सांगितली. शेजारणीनं वंदनेच्या वेळी चार बायकांना सांगितली. सकाळी आठ वाजता तातेराव दारात.

"जयभीम, गुरुजी."

"जयभीम. बसा."

तातेराव बसले. प्रीतीनं चहा दिला. तो अर्धा होईपर्यंत ते पावसापाण्याचं, नव्या विहाराच्या पायाचं बोलले. मग कप खाली ठेवला.

"गुरुजी, तुमच्यापुढं मी लहान. शाळेत तुमच्या हातचा मार खाल्लाय. पण जयंती तोंडावर आलीय. धा गावचे लोक ह्या कामाला हातभार लावून राह्यले. आता कागदावर असं लिहून गेलं, आन उद्या कुणी उठून म्हणलं, की भगवंताचं चित्र काढायला मास्तरानं बायको निजवली होती... तर कुणाकुणाचं तोंड धरणार आपण?"

प्रीती दारातच थांबली. गुरुजींना राग यायला पाहिजे होता. त्यांनी थोडा वेळ त्याची वाट बघितली. नाही आला.

"मंग काय लिहायचं म्हणता?"

"'अज्ञात' लिहा ना. तशीही चाल असतीच की."

"लिहा," गुरुजी अर्पिताला म्हणाले.

"सर, पण तुम्ही काल स्वतः सांगितलंत..."

"लिहा. काय फरक पडतो."

अर्पितानं पेन उचललं. दिवसभर ती कागद मोजत, फोटो काढत, तक्ते भरत राहिली. जिथं जिथं 'समोर बसलेली व्यक्ती' होतं, तिथं तिथं तिच्या टपोऱ्या अक्षरात 'अज्ञात' पडत गेलं. प्रीतीनं दुपारी तिला जेवायला वाढलं, पण गुरुजींशी ती एक शब्दही बोलली नाही. गुरुजी पलंगावर बसून पेपर वाचत होते.

तिसऱ्या दिवशी सह्या. प्रत्येक तक्त्याखाली चित्रकाराची सही लागत होती. अर्पिता एकेक तक्ता कागदासकट पुढं करायची आणि गुरुजी चष्मा सावरून सही करायचे. चाळीस वर्षांची सवय; वाचल्याशिवाय सही करायची नाही. क्रमांक एक, महामाया, उजवा हात, अज्ञात. सही. क्रमांक दोन, महामाया, पाऊल, अज्ञात. सही. शंभराच्या पुढं गेले तरी हात अडला नाही.

एकशे एकेचाळीसला थांबला.

साधाच कागद होता. सातवीच्या भूगोलाची प्रश्नपत्रिका, वार्षिक, आणि पाठीवर कोळशानं एक डावा खांदा. उजव्या कुशीवर निजलेल्या माणसाचा वरचा खांदा, त्यावरून उतरत गेलेलं चादरीचं टोक, आणि मानेला टेकलेली केसांची एक बट, जी पुढं चित्रात घेतलीच नाही. तक्त्यात लिहिलं होतं: महापरिनिर्वाण, खांद्याचा अभ्यास. समोर बसलेली व्यक्ती : अज्ञात.

गुरुजी बराच वेळ कागदाकडं बघत होते.

"हे चूक आहे," ते म्हणाले.

"कोणतं, सर?"

"दोन्ही. नाव चूक आहे आणि खांदाही चूक आहे."

अर्पितानं पेन खाली ठेवलं. भाजी निवडत बसलेल्या प्रीतीचाही हात थांबला.

"ती गेली ना, त्या दिवशी," गुरुजी म्हणाले, "सकाळचे दहा-साडेदहा वाजले होते. खिडकीतून चांगला उजेड होता. मी शेजारीच होतो. नर्सबाई आल्या. त्यांनी बघितलं, डॉक्टरला बोलावलं, डॉक्टर बघून गेले. मग चादर काढायला नर्सबाईंनी तिला कुशीवर वळवलं. उजव्या कुशीवर. आणि वरचा खांदा पुढं पडला. असा." त्यांनी आपला डावा खांदा सैल सोडून दाखवला, पण तो नीट पडला नाही. "जिवंत माणूस कितीही गाढ झोपला तरी खांदा स्वतःला धरून असतो. हा बघा, ह्या कागदात धरलेला आहे. ती आजारी होती, झोपली होती, पण होती. मी तेच भिंतीवर काढलं. तीस-पस्तीस वर्षं लोक त्याच्यापुढं वंदना घेत होते आणि भगवंत नुसते झोपलेले होते."

ते पुढं म्हणाले, "तिला जाऊन पाच मिनिटं झाली होती. आणि माझ्या मनात पहिला विचार हा आला, की आपला खांदा चुकला. बायको गेली, हा नाही. राजा बाहेर भिंतीला धरून रडत होता, आणि मी पलंगाशेजारी उभा राहून खांदा बघत होतो. चादर घालेपर्यंत बघत होतो."

अर्पिताच्या डोळ्यात पाणी आलं होतं. गुरुजींनी ते बघितलं आणि त्यांना तिचं वाईट वाटलं, परक्या घरी येऊन बिचारीला हे ऐकावं लागलं म्हणून.

"बाबा," प्रीती हळू म्हणाली, "हे कुणाला बोलला न्हाईत तुम्ही."

"सांगण्यासारखं आहे का ते?"

त्यांनी तक्ता अर्पिताकडं सरकवला. पोराच्या वहीतली चूक दाखवावी तसं 'अज्ञात'वर बोट ठेवलं. "हे खोडा. गिरिजाबाई लिहा. आधीच्या सगळ्यांवर पण. मला चुकीच्या उत्तराखाली सही करता येत नाही. खांदा आता दुरुस्त करता येणार नाही. नाव तर येतं."

"आणि समितीचं?"

"ते मी बघतो."

नवे तक्ते भरायला घेतले. प्रीतीनं भाजी बाजूला सारली आणि हात धुऊन अर्पिताशेजारी लिहायला बसली. तक्त्यात आणखी एक रकाना होता, 'अज्ञात'मुळं आतापर्यंत कोरा राहिलेला: हयात नसल्यास मृत्यूची तारीख. अर्पितानं विचारलं. गुरुजींनी तोंड उघडलं आणि त्यांना तारीख आठवेना. डिसेंबर होता, थंडी होती, वार बहुतेक मंगळवार. पुढं काहीच नाही.

"अकरा तारीख, बाबा," प्रीती म्हणाली. "गुरुवार."

"अकरा," गुरुजी म्हणाले.

दुपारी चपला घालून ते एकटेच विहाराच्या जागेवर गेले. पायाचे खड्डे भरून वर कॉलम आले होते. त्यांना गुंडाळलेल्या गोणपाटांवर तातेराव स्वतः पाईपनं पाणी मारत होते.

"नाव लिहिलं," गुरुजी म्हणाले. "गिरिजाबाईचं. सगळीकडं. तुम्हाला आधी सांगावं म्हणून आलो."

तातेरावांनी पाईप दुसऱ्या कॉलमकडं वळवला.

"माझी माय म्हणायची," ते म्हणाले, "रोज वंदनेला बसली की म्हणायची, गिरिजीचं वाकडं बोट वाकडंच काढलंय बघ मास्तरानं. समद्या बायांना ठावं होतं, गुरुजी. मला बी ठावं होतं."

"मंग काल?"

"काल काय... कागदावर आलं की भ्या वाटतं. तोंडी असलं की निभतं." त्यांनी पाणी बंद केलं. "आता कोणी काही बोललं तर मी त्याला आडवा येणार न्हाई, सांगून ठेवतो. मी बराबर तुम्हाला आधी बोललो होतो, असं म्हणीन."

"म्हणा. खरंच आहे ते."

"आन नव्या भिंतीला चित्रं? कोण काढणार?"

"मी न्हाई," गुरुजी म्हणाले. "दुसरा बघा. पोरं हुशार आहेत आताची."

चौथ्या दिवशी सकाळी गाडी आली. दोन पोरांनी कागदांचे सपाट खोके उचलून मागच्या सीटवर नीट ठेवले. अर्पिता गुरुजींच्या पाया पडायला वाकली, त्यांनी तिला मधेच धरलं. "सांभाळून न्या. जालन्यापर्यंत रस्ता खराब आहे," ते म्हणाले. गाडी वळणाला दिसेनाशी झाली. प्रीतीनं विचारलं, पेटी रिकामी झालीय तर तिच्यात गोधड्या ठेवू का? गुरुजी म्हणाले, ठेव.

रविवारी राजानंद आला. अर्पितानं त्याच्या मोबाईलवर काही फोटो पाठवले होते, ते त्यानं वाटेत बघितले नव्हते. जेवण झाल्यावर तो ओसरीत भिंतीला टेकून बसला आणि एकेक फोटो पुढं सरकवायला लागला. गुरुजी शेजारी खुर्चीवर होते. त्यांनी मुद्दाम बघितलं नाही, पण दिसत होतं. हात. पाऊल. पाठ. मग एक अख्खी बसलेली आकृती आली. यशोधरेसाठी काढलेली. मांडीवर सहा-सात महिन्यांचं पोर निजलेलं, पुढ्यात सूप, आणि बाईची नजर पोराकडं नाही, चित्रकाराकडंही नाही, डाळीत खडा दिसावा तशी एका ठिकाणी लागलेली.

"हा मी आहे?" राजानंदनं विचारलं.

"तूच."

राजानंदनं मोबाईल उपडा ठेवला. चाळिशीला आलेला माणूस, भट्टीसमोर काम करून चेहरा रापलेला, तो गुडघ्यात डोकं घालून रडायला लागला. आवाज दाबायचा प्रयत्न करत होता, पण दबत नव्हता. आतून प्रीती आली आणि दारात थांबली. गुरुजी खुर्चीवरून उठले. उठताना गुडघे वाजले. ते त्याच्याजवळ ओसरीवर खाली बसले, पाठीवर हात ठेवला.

गुरुजींना रडू आलं नाही. त्यांनी वाट बघितली, तरी नाही आलं. शर्टाखाली मुलाची पाठ घामानं ओली होती, गरम होती, आणि हुंदक्याबरोबर वर-खाली होत होती. गुरुजींना ती तळहाताला लागत होती, चांगली स्पष्ट लागत होती.

"कितीही वेळ आलं तरी येऊ दे," ते म्हणाले. "मी बसलोय."